बंद चार महिन्यांचा हिशेब

हॉटेलवाल्याला धंदा कसा आहे असे विचारले, तर तो सीझनबद्दल बोलतो. यंदा मे महिना कसा गेला, दिवाळीत किती खोल्या भरल्या, नाताळला किती माणसे परत पाठवावी लागली. सीझन नसतो तेव्हा काय करता, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. गल्ला भरलेला असताना सगळेच शहाणे ठरतात. रिकाम्या खोल्या, बंद भटारखाना आणि तरीही पोसावी लागणारी माणसे, असा काळ येतो तेव्हा धंद्याची खरी बांधणी दिसते.

हा प्रश्न तपासून पाहायला आपल्याकडे एक फार चांगली जागा आहे. सातारा जिल्ह्यातली महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन गावे एकाच डोंगररांगेवर आहेत आणि त्यांच्यात जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर आहे. दोघांचाही धंदा पाहुण्यांचा. पण पाऊस मात्र सारखा नाही. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाचगणीला साधारण त्याचा तिसरा हिस्सा. या फरकामुळे दोन्ही गावांनी रिकाम्या महिन्यांना तोंड देण्याच्या दोन निराळ्या रीती बसवल्या. त्या रीतींची ही गोष्ट आहे.

महाबळेश्वरचे क्षेत्र फार जुने, पण थंड हवेचे ठिकाण म्हणून ते वसले मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात. १८२९ मध्ये त्याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला, वाईजवळचे खंडाळा गाव त्यांना देऊन डोंगरावरची ही जागा घेतली आणि माल्कमपेठ वसवली. पाहुणा आला की त्याला खायला घालावे लागते, आणि या डोंगरावर तर साहेबांच्या जेवणाची कोणतीच सोय नव्हती. इथे एक तुरुंग होता. त्यात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. साहेबांच्या टेबलावर जाणारे बटाटे आणि भाजीपाला या कैद्यांनी पिकवला. या डोंगरावरच्या पाहुणचाराचा पहिला मळा असा बंदिवानांच्या हातचा आहे. १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी वेण्णा तलाव बांधला आणि वस्तीला पाण्याचा आधार झाला.

पुढे मुंबई सरकारच्या फिरतीचा एक क्रमच ठरून गेला. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात. गव्हर्नर आला की त्याच्यामागून दप्तर, कारकून, शिपाई, खानसामे, घोडे आणि सावकार-व्यापारी असा सगळा लवाजमा वर चढायचा. मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी आणि पारशी मंडळींनी बंगले बांधले. म्हणजे सरकारने आपले वर्ष तीन गावांत वाटून घेतले होते आणि त्याला रिकामे महिने असे नव्हतेच. महाबळेश्वरच्या दुकानदाराच्या वाट्याला मात्र त्यातला एकच तुकडा यायचा. तेव्हाचा सीझन म्हणजे मार्चअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे थोडे दिवस. सगळे मिळून चार महिनेसुद्धा होत नसत. घरभाडे, दुरुस्ती, नोकरांचे पगार आणि घरचे खाणे असा बारा महिन्यांचा खर्च एवढ्यात वसूल करायचा. बाहेरचे लोक डोंगरावरच्या महागाईला नावे ठेवतात, तेव्हा हा हिशेब त्यांच्या ध्यानात नसतो.

मग पावसाळ्याचे काय? महाबळेश्वरने त्याच्याशी भांडण केले नाही. मे महिना सरत आला की घरांच्या आणि दुकानांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकायच्या, कारण इथला पाऊस वरून येतो तसाच आडवाही येतो. माल संपवायचा, उरलेला खाली न्यायचा, दारांना अडसर घालायचे. बाजारपेठ ओस पडायची. ज्याला शक्य असेल तो पाचगणीला, नाही तर पसरणीच्या घाटाने वाईला उतरायचा. मी वाईचा. आमच्या लहानपणी जूनच्या सुमारास घाटातून गाद्या, भांडी आणि काचसामान लादलेल्या गाड्या उतरताना दिसायच्या. त्यांच्याकडे बघून मोठी माणसे म्हणायची, ‘आला पाऊस.’

या रीतीला मागासलेपण म्हणणे सोपे आहे. पण धंदा म्हणून पाहिले तर तिच्यात शहाणपण होते. पाहुणा येणार नाही हे आधीच माहीत असल्यामुळे त्या काळासाठी खर्च करायचा नाही, असे ठरलेले असायचे. कोणाला आशा नसायची, म्हणून निराशाही नसायची. रस्त्यांना, विहिरींना आणि रानाला चार महिने विसावा मिळायचा. माणसेही तशीच वाटून घेतलेली होती. हॉटेलांत आणि बंगल्यांत राबणारे पुष्कळजण जावळीच्या खोऱ्यातून आणि घाटाखालून पोलादपूर-महाडकडून येत. भातलावणीचे दिवस आणि डोंगरावरचे बंद दिवस एकच. माणूस मेअखेर मालकाकडून हिशेब घेऊन जायचा, आषाढात चिखलात उभा राहायचा आणि दसरा-दिवाळीला परत यायचा. मालकाला चार महिने पगार द्यावा लागत नसे, कारण ते चार महिने त्या नोकराचे शेत त्याला पोसत असे.

पाचगणीची रीत वेगळी. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाकडे या वस्तीची व्यवस्था आली. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नाही, तेव्हा बारा महिने राहता येईल असे ठिकाण हवे, हा पाचगणी वसवण्यामागचा विचार होता. सिल्व्हर ओकसारखी बाहेरची झाडे या वेळी लावली गेली. पण पाचगणीचे नशीब उघडले ते झाडांनी नव्हे, शाळांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे निवासी शाळा निघू लागल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चे. त्यानंतर एकामागून एक शाळा आल्या. पुढे डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभे केले.

हवा खायला येणारा पाहुणा हवा बिघडली की जातो. शाळेतले मूल आणि आरोग्यधामातला रोगी मात्र पाऊस लागला म्हणून गाव सोडत नाहीत. त्यांना रोज पाव लागतो, दूध लागते, धोबी लागतो, शिंपी लागतो. त्यांना भेटायला माणसे येतात, ती उतरतात, जेवतात. या गिऱ्हाइकाकडून मे महिन्यासारखे दर मिळत नाहीत. पण तो जुलैतही असतो, आणि बेकरीवाल्याच्या दृष्टीने जुलैतला एक पाव मेमधल्या दोन पावांच्या मोलाचा असतो.

हा फरक गांधीजींच्या दिनक्रमातही उमटलेला आहे. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर तब्येत सुधारण्यासाठी ते पाचगणीला राहिले, ते १९४४ च्या जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात. महाबळेश्वरी त्यांचा मुक्काम झाला १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत. हे तारखांचे कोडे नाही. पाचगणीत जुलैतही घर चालू असे आणि महाबळेश्वरी ते मेपुरतेच असे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी रीत फळांनी शिकवली. स्ट्रॉबेरी इंग्रजांबरोबर आली आणि इथलीच झाली. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. हे पीक पावसाला भिते, म्हणून त्याची रोपे पावसाळ्यात कमी पावसाच्या वाईच्या बाजूला वाढवतात, पाऊस ओसरला की वर नेऊन लावतात आणि नोव्हेंबरअखेर ते एप्रिल फळ घेतात. म्हणजे दुकानदारांप्रमाणे स्ट्रॉबेरीही पावसाळ्यात खाली उतरते! फळ मात्र दोन दिवसांत नासते. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रो हा फळप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला, आणि जॅम, सरबत, क्रश यांच्या बाटल्यांतून फेब्रुवारीचे फळ ऑगस्टमध्ये मुंबईच्या दुकानात जाऊ लागले. पाहुणा डोंगरावर आला नाही तरी डोंगर पाहुण्याच्या घरी जाऊ लागला. खानपानाच्या धंद्याला मिळालेला हा मोठा आधार होता, कारण बाटलीला सीझन नसतो.

या तीन रीतींच्या जोडीला मला नेहमी इथल्या मधपाळांची आठवण होते. उन्हाळ्यात रान फुललेले असते तेव्हा मधमाश्या पोळी भरतात आणि मधपाळ मध काढतो. पावसात फुलोरा नसतो, माशीला बाहेर पडता येत नाही. तेव्हा जाणता मधपाळ पेटीत साखरेचे पाणी ठेवतो. तो हे दयेपोटी करत नाही. वसाहत जगली नाही तर पुढच्या वर्षीचा मध कोण देणार, हे त्याला कळते. याच तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. मधाच्या गावाशेजारच्या हॉटेलांनी पेटीतली ही साखर ध्यानात घ्यायला हवी.

कारण जुनी वाटणी आता मोडली आहे. हॉटेलात राबणाऱ्या मुलाचे शेत भावाभावांत वाटून गुंठ्यांवर आले. बाहेरगावचा, परराज्यातला नोकर आला, त्याला परतायला जवळचा चिखलही नाही. शेत पोसायचे ते चार महिने आता कोणीच पोसत नाही. पण सीझन संपला की हिशेब देऊन मोकळे करायची चाल मात्र अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

याची परीक्षा २०२० मध्ये झाली. टाळेबंदी लागली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे डोंगराचा सीझन नेमका सुरू होताना. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, एप्रिल-मेमध्ये पुन्हा निर्बंध. लागोपाठ दोन उन्हाळे गेले. पाचगणीचा आधार असलेल्या शाळांची वसतिगृहेही रिकामी झाली. म्हणजे पावसाला पुरून उरलेली रीत साथीपुढे उरली नाही. सातारा जिल्ह्यात स्ट्रॉबेरी जनावरांपुढे टाकावी लागल्याच्या बातम्या आल्या. एकाच आधारावर उभा असलेला धंदा, तो आधार कितीही मजबूत असो, कधी तरी बसतो, हे त्या दोन वर्षांनी दाखवले. ज्यांची थोडी शेती, थोडी खोली भाड्याने, थोडा बाटलीबंद माल असे तीन-चार ठिकाणी पाय होते, ते लंगडत का होईना उभे राहिले.

आता यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो : पावसाळाही विका. पाऊस पाहायला येणारा पर्यटक गेल्या काही दशकांत खरोखरच वाढला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या मधले भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. घराघरांत पुस्तके मांडून वाचकाला बोलावणे ही मला फार समंजस कल्पना वाटते. पुस्तकाला धुके अडवत नाही, आणि वाचायला येणारा माणूस घाईत नसतो. पण बाराही महिने खोल्या भरल्याच पाहिजेत, असा हट्ट धरला तर त्याची किंमत डोंगर मोजतो. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो उगाच नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरी चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला, दरडी आल्या, आंबेनळी घाट बंद पडला. ज्या महिन्यांत आपले आजोबा-पणजोबा दारांना अडसर घालून खाली उतरत, त्या महिन्यांत पाहुण्याला वर बोलावताना घाटाची, पाण्याची आणि परत उतरण्याची हमी कोण देणार, याचे उत्तर आधी तयार हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बंद काळ ही धंद्यातली तूट आहे असे आपण मानतो. इतिहास सांगतो की तो धंद्याचाच एक भाग आहे. डोंगरावरच्या जुन्या व्यवस्थेने तो हिशेबात धरला होता, म्हणून ती शंभर-सव्वाशे वर्षे टिकली. तिच्यातला दोष एवढाच की त्या काळाचा बोजा तिने सगळ्यात खालच्या माणसाच्या शेतावर टाकला. आज ते शेत उरलेले नाही. तेव्हा मे महिन्याच्या दरातच जुलैचा पगार धरावा लागेल. बंद दिवसांत दुरुस्ती निघते, नवे पदार्थ बसवता येतात, मुरंबे-लोणची घालता येतात, पोऱ्याला आचारी करता येते. त्या माणसाला त्या दिवसांत ठेवून घेणे हा खर्च आहे हे खरे. पण दर दिवाळीला नवा अनोळखी पोरगा शोधून त्याला पहिल्यापासून शिकवणे हाही खर्चच आहे, फक्त तो वहीत लिहिला जात नाही.

आपण पुढच्या वेळी महाबळेश्वरी जाल, तेव्हा जेवणाचे बिल मोठे वाटले तर कुरकुर जरूर करा. पण वाढणाऱ्याला एवढे विचारा, ‘पावसाळ्यात तुम्ही कुठे असता?’ त्याच्या उत्तरावरून ते हॉटेल पुढची दहा वर्षे टिकेल की नाही, याचा अंदाज आपल्याला बांधता येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)