ऑस्तिया येथील अश्रू

धर्मग्रामातील एखाद्या घरी मृत्यू घडला की आम्हां धर्मगुरूंच्या तोंडी एक वाक्य सहज येते : ‘रडू नका, देवावर विश्वास ठेवा.’ पौरोहित्याच्या आरंभीच्या वर्षांत आम्हीही ते कितीतरी घरांतून उच्चारले. पुढे आमच्या मातोश्री ख्रिस्तवासी झाल्या. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली, प्रवचन केले, शवपेटीवर मूठभर माती टाकली. पण डोळ्यांतून टिपूसही येऊ दिला नाही. लोकांनी आमच्या श्रद्धेची वाखाणणी केली. ती श्रद्धा होती की लोकलज्जा, हा प्रश्न मात्र आम्हांला पुष्कळ दिवस सलत राहिला. त्याचे उत्तर आम्हांला सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका मातृवियोगात सापडले.

इ.स. ३८७ च्या ईस्टरला मिलान शहरी महागुरू संत अम्ब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीनचा व त्याचा किशोरवयीन मुलगा आदेओदातुस याचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर आफ्रिकेतील आपल्या मायदेशी परतण्यासाठी ही मंडळी रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात येऊन थांबली. बरोबर आई मोनिका होती. ज्या मुलाच्या परिवर्तनासाठी तिने वर्षानुवर्षे आसवे गाळली, तो आता ख्रिस्ताचा झाला होता. परंतु जहाजात पाऊल ठेवण्यापूर्वीच तिला ताप भरला आणि आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तिने देह ठेवला. ऑगस्टीनला तेव्हा ३३ वे वर्ष चालू होते.

पुढे काय घडले, हे त्याने सुमारे दहा वर्षांनंतर ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. आईचे डोळे त्याने स्वतः मिटले. हुंदका दाटून आला, तो त्याने बळाने आवरला. आदेओदातुसने हंबरडा फोडला, तेव्हा सर्वांनी त्यालाही गप्प केले. ख्रिस्तात निजलेल्या जिवासाठी आक्रोश करणे शोभत नाही, अशी त्यांची समजूत होती. एवोदियुस या मित्राने स्तोत्रसंहिता हाती घेऊन १०१ वे स्तोत्र आरंभिले आणि घरातील मंडळींनी त्याला साथ दिली. कबरीपाशी मिस्सा झाली, तरी ऑगस्टीन रडला नाही. भोवतालच्या लोकांना वाटले, याला दुःखच झाले नाही! स्नानाने मनाचा भार उतरतो असे त्याने ऐकले होते, म्हणून तो स्नान करून आला. भार तेवढाच राहिला.

रात्री झोप लागली. जाग आल्यावर बिछान्यात पडल्या पडल्या त्याला अम्ब्रोज यांचे सायंगीत आठवले, हळूहळू आई आठवू लागली आणि दिवसभर कोंडलेले अश्रू देवासमोर मोकळे झाले. आईसाठी आपण घटकाभर रडलो हे कुणाला पाप वाटत असेल, तर त्याने हसू नये. उलट आपल्या पापांसाठी देवापुढे रडावे, अशी त्याची विनवणी आहे.

तारुण्यात एक जिवलग मित्र वारला, तेव्हाही ऑगस्टीन रडला होता. त्या वेळी गाव नकोसे झाले आणि तो कार्थेजला निघून गेला. त्या अश्रूंना जाण्यासाठी ठिकाणच नव्हते. ऑस्तियाचे अश्रू देवाच्या पायांशी पडले. आमच्या मते, श्रद्धेने केलेला फरक तो हाच. श्रद्धा दुःख पुसून टाकत नाही; ते कुणापाशी न्यावे, हे ती दाखविते. लाजराच्या कबरीशी प्रभू येशूही रडलाच होता, आणि तेही लाजराला उठविण्यापूर्वी काही क्षण.

मोनिकेने पूर्वी पतीच्या शेजारी आपल्या कबरीची जागा करून ठेवली होती. शेवटी मात्र, देह कुठेही ठेवा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. ऑगस्टीननेही आपल्या वाचकांना तीच विनंती केली. सुमारे इ.स. १००० च्या आसपास क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस आपल्या मठांतून रूढ केला व पुढे तो ख्रिस्तसभेत सर्वत्र पसरला. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात घरोघरी शोक असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. आपण कबरीवर मेणबत्ती लावतो आणि मिस्सेसाठी आपल्या माणसाचे नाव देतो, तेव्हा मोनिकेने मागितले तेच करीत असतो.

१९४५ साली ऑस्तिया येथे संत आउरेआच्या चर्चजवळ खड्डा खणताना दोन मुलांना एका संगमरवरी शिळेचा तुकडा सापडला. तो मोनिकेच्या कबरीवरील लेखाचा होता. तिच्या अस्थी मात्र १४३० मध्येच रोमला नेल्या गेल्या होत्या. कबर हरवली, शिळा फुटली. वेदीपाशी तिचे स्मरण मात्र दर वर्षी २७ ऑगस्टला होतेच आहे.

मातोश्रींच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेत मृतांच्या स्मरणाशी आलो आणि त्यांचे नाव घेताना आमचा कंठ दाटला. पुढचे शब्द फुटेनात. भाविक शांतपणे थांबून राहिले. त्या दिवसापासून शोकाच्या घरी ते जुने वाक्य आम्ही उच्चारीत नाही. रडणाऱ्यांशेजारी बसतो आणि त्यांच्या माणसाचे नाव विचारून घेतो; दुसऱ्या दिवशी वेदीवर ते घ्यायचे असते.