दूर्वा, हरळी आणि बडोद्याची हिरवळ

१९०९ साली बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे होते. ते कवी होते खरे. परंतु व्यवसायाने डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बामनदास बसू यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये, प्रसिद्ध झाला. हा योग स्मरण्याचे कारण असे की, बडोद्याच्या मराठी वैभवाचा इतिहास आपण राजवाडे, ग्रंथालये आणि ग्रंथमाला यांच्या आधारे लिहितो. तेथील बागांतून पायाखाली पसरलेल्या गवताची त्यात नोंद होत नाही. झालीच तर ‘विलायती पद्धतीची हिरवळ’ एवढीच. हे वर्णन अर्धेच खरे आहे.

या गवताला मराठीत दोन नावे आहेत आणि ती सहसा एका ठिकाणी उच्चारली जात नाहीत. देवघरात ती दूर्वा, शेतात ती हरळी. एकवीस दूर्वांची जुडी गणपतीला वाहणारा शेतकरी बांधाच्या आत आलेली हरळी कुदळीने खणून काढतो. काळ्या जमिनीत हरळीची काशी खोल जाते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती वेचून उन्हात वाळवावी लागते; एखादे पेर मातीत राहिले तरी पावसाबरोबर पुन्हा फुटते. पेरापेराला मूळ धरण्याचा हाच तिचा गुण वैदिक ऋषींनीही हेरला होता. अग्निचयनाच्या विधीत दूर्वेची इष्टका रचताना म्हटल्या जाणाऱ्या यजुर्वेदातील मंत्रात तिच्या या कांडोकांडी फुटण्याचीच स्तुती आहे. पूजेला जे अक्षय वाटले तेच कुणब्याला असह्य झाले.

१७३४ पासून बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले आणि मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. दूर्वा त्यांना बरोबर न्यावी लागली नाही. गुजरातेत ती होतीच. तेथे तिचे नाव धरो. हा शब्द ‘दूर्वा’चाच अपभ्रंश असल्याचे भाषेच्या अभ्यासकास सहज दिसेल. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस मराठी घरात दूर्वा वाहिली जाते आणि चारच दिवसांनी, अष्टमीस, गुजराती स्त्रिया धरो आठम पाळून त्याच गवताची पूजा करतात. आपल्या पंचांगातही तो दिवस दूर्वाष्टमीच आहे.

आता बागेकडे वळू. विश्वामित्रीच्या काठी शंभर एकरांहून अधिक विस्ताराचा सयाजीबाग १८७९ साली उभा राहिला. तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते, संपूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या अखेरीस मिळाले आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. हा तपशील अनेकदा विसरला जातो. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग विल्यम गोल्ड्रिंग यांनी आखली, तर १८९३ साली क्रुम्बीगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याच्या सेवेत आले. दोघांचाही संबंध लंडनजवळच्या क्यू उद्यानाशी होता. विस्तीर्ण, सपाट, कातरलेल्या गवताची कल्पना निःसंशय तिकडची. परंतु तिकडचे गवत आपल्या मैदानी प्रदेशातील वैशाखाचे ऊन सोसत नाही. म्हणून हिंदुस्थानातील मैदानी बागांत हिरवळ प्रामुख्याने दूर्वेचीच करण्याची वहिवाट पडली.

ती करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. हरळीच्या कांड्या बारीक चिरावयाच्या, माती, शेण व पाणी यांत कालवावयाच्या आणि तयार केलेल्या जमिनीवर तो लगदा गिलाव्यासारखा पसरावयाचा. वर पाणी शिंपडत राहिले की प्रत्येक पेर मुळावते. नांगराने तुकडे केले की हरळी वाढतेच, या कुणब्याच्या तक्रारीचाच येथे उपयोग करून घेतलेला आहे. नकाशा आखणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली, हा लगदा कालवणाऱ्या हातांची जपली नाहीत. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मले आणि बाराव्या वर्षी दत्तक आले. हरळी म्हणजे काय, हे त्या घरात कोणी शिकवावे लागले नसावे.

कातरलेल्या हिरवळीत असेतोवर माळी तिला पाणी घालतो. तीच चार बोटे पुढे सरकून गुलाबाच्या वाफ्यात शिरली, की तो खुरपे घेऊन बसतो.