शिंगुराचा काटा

मासोळ्यांचा माझा पहिला धडा बोटातून गेला. पहिल्या पावसाचं पाणी बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, शेताच्या धुऱ्यावर चढलं होतं. काळसर, मिशाळ मासोळी मांगूर समजून मी मुठीत धरली आणि बोंबललो. आजूबाजूला जाळी टाकणारे धिवर हसले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पाठ पाय बाबू. मांगुराच्या पाठीवरचा पर शेपटीपावतर जाते, शिंगुराचा एवढुसाच रायते." नंतर सिहोऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण एवढ्या नेमक्या शब्दांत काही शिकवलं असेल, असं वाटत नाही.

त्या म्हाताऱ्याकडे अशा खुणा ढीगभर होत्या. अंगावर काळे ठिपके ते डडक. परांना नारिंगी काठ ती बोटरी. तिचा नर अंडी तोंडात सांभाळतो. तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर तरंगताना दिसला, की खाली मरळ राखणीला असते. तेव्हा तिच्यावर भाला चालवायचा नाही.

पुढे पुस्तकं हाती आली. बंगालमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या मासोळ्यांवर ग्रंथ छापला. त्यात मांगुराचं शास्त्रीय नाव 'मागुर'च. तिकडच्या लोकांच्या तोंडचं. कर्नल साइक्सने 1839 साली दख्खनच्या मासोळ्यांना नावं दिली: खुद्री, मुल्या, सांडखोल. नावं लॅटिन थाटात लिहिली, पण आली मराठी मुलखातून. साहेबांना ती सांगणारी माणसं मात्र कोणत्याच पानावर नाहीत.

आमच्या भंडाऱ्यात ही विद्या टिकली ती तळ्यांमुळे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी धानासाठी तळी बांधली, धिवरांनी त्यात मासोळी धरली, शिंगाडा लावला. उन्हाळ्यात बोडी आटली, तरी डडक आणि मांगूर ओल्या चिखलात तग धरत. वरची हवा घेऊन जगतात ते. पहिल्या सरीला पुन्हा धानाच्या बांध्यांत. बीज कोणी आणून टाकत नसे.

1951 साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तळी सरकारकडे आली. 1957 साली ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प मासोळीची अंडी घेतली. मग रोहू, कटला, मृगळ यांचं बीज गावोगावच्या तळ्यांत पडू लागलं. उत्पन्न वाढलं, मासेमारांच्या सोसायट्यांना आधार झाला. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सोसायटीच्या वहीत तीनच नावं उरली. बाकी सगळी झाली 'चिल्लर'.

अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ धिवरांच्या सोबतीनं तळ्यांतलं बेशरमाचं तण उपटून देशी पाणवनस्पती लावतं, म्हणजे या चिल्लरीला अंडी घालायला जागा मिळावी. आधी विचारावं लागतं ते जुन्या जाळेवाल्यांनाच: इथं कोणती मासोळी होती?

परवा बाजारात एका बाईच्या टोपल्यात सगळी मिसळ होती. मी एकेक नाव विचारू लागलो. ती वैतागली, "गुरुजी, येवढ्या नावाचं काय करता? भाव त एकच हाये."

बोलताबोलता तिनं टोपल्यात हात घातला, न पाहता एक काळी मासोळी अलगद डोक्यामागून धरली आणि बाजूच्या डब्यात टाकली.

शिंगूर होता.