एक कीबोर्ड, अनेक सर्व्हर

प्रत्येक यंत्राला वेगळा पडदा आणि कीबोर्ड लागण्याची अडचण युनिक्सच्या जुन्या यंत्रांना फारशी नव्हती. ती सीरियल तारेवरून बोलत. तारेच्या टोकाला टेलिटाइप असो की १९७८ मध्ये आलेलं डेक कंपनीचं व्हीटी १०० टर्मिनल, अक्षरं जात-येत राहिली की काम भागायचं. घोळ झाला तो पीसीमुळे. १९८१ चा आयबीएम पीसी एका टेबलावर बसणाऱ्या एका माणसासाठी घडवलेला. दशक संपता संपता त्याच वंशातली यंत्रं सर्व्हरचं काम करू लागली आणि प्रत्येकाला स्वतःचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस लागू लागला. दहा सर्व्हर म्हणजे काचेच्या नळीचे दहा जड, तापणारे मॉनिटर.

पहिला उपाय साधा होता: खटका फिरवायचा डबा, म्हणजे स्विच. मात्र खटका फिरला की मागच्या यंत्राचा कीबोर्ड उपटल्यासारखाच व्हायचा. पीसी सुरू होताना त्यातला बायोस हा प्राथमिक प्रोग्राम कीबोर्ड शोधतो; तो सापडला नाही तर अनेक यंत्रं पडद्यावर चूक दाखवून तिथेच थांबत. रात्री वीज जाऊन परत आली, की जो सर्व्हर त्या क्षणी खटक्याला जोडलेला नसेल तो सकाळपर्यंत तसाच अडून. पीएस/२ माउसचं तर चालू यंत्रापासून एकदा नातं तुटलं, की बहुधा यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ते जुळत नसे.

यावर निघालेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध वाटतो. स्विचमध्ये प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला एक इलेक्ट्रॉनिक तोतया बसवला. माणूस दुसऱ्या यंत्रावर काम करत असला, तरी हा तोतया आपल्या सर्व्हरला कीबोर्ड आणि माउस हजर असल्याची उत्तरं देत राहतो. कॅप्स लॉक चालू होतं की बंद, हेही लक्षात ठेवतो. यंत्र बदलायला अनेक स्विचवर स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, कारण ती कळ एरवी कुणाला फारशी लागत नाही.

या स्विचच्या केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) नावाचं श्रेय अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांना दिलं जातं. सायबेक्स २००० मध्ये एपेक्समध्ये विलीन होऊन अ‍ॅव्होसेंट झाली.

पुढची झेप अंतराची. व्हीजीएचं चित्र लांब तारेत धूसर होतं. म्हणून ते डिजिटल करून, दाबून, नेटवर्कवरून पाठवणारे स्विच आले. दूरचं यंत्र दाखवणारं व्हीएनसीसारखं सॉफ्टवेअर चालायला आधी ऑपरेटिंग सिस्टिम उठावी लागते. या स्विचमधून मात्र बायोसचा पडदाही दूरवर दिसतो. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी आयपीएमआय हे मानक आणलं. मदरबोर्डवरच एक वेगळी चिप आली, सर्व्हर बंद असतानाही जागी राहणारी. एचपीचं आयएलओ, डेलचं आयड्रॅक ही तिचीच रूपं. दुरून पडदा आणि कीबोर्ड पुरवण्याचं कामही तीच करू लागली; स्विच असा सर्व्हरच्या पोटात गेला.

त्याबरोबर धोकाही आत गेला. या चिपचा ताबा मिळवणारा वीज बंद-चालू करू शकतो, हवी ती सिस्टिम चढवू शकतो. उलट बाजूही आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं नेटवर्क कोसळलं तेव्हा यंत्रांपर्यंत दुरून पोचण्याची आणीबाणीची वेगळी वाटही बंद पडली आणि अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विनंती: ही वाट इंटरनेटवर उघडी टाकू नका, मुख्य नेटवर्कपासून खरोखर स्वतंत्र ठेवा, आणि मुख्य नेटवर्क बंद पडलं तरी ती चालते का, हे सगळं सुरळीत असतानाच तपासा.