प्रतिसरकार आणि त्यामागची सत्तर वर्षे

इ. स. १९४२ च्या उत्तरार्धात इंग्रजी अंमल उठून गेल्याचा अनुभव हिंदुस्थानात एकट्या सातारा जिल्ह्यानेच घेतला असे नाही. संयुक्त प्रांतातील बलिया येथे चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कारभार हाती घेतला, तो काही दिवसांतच लष्कराने मोडून काढला. बंगालमधील तामलुकला त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्थापन झालेले जातीय सरकार १९४४ साली गांधीजींच्या सांगण्यावरून विसर्जित झाले. साताऱ्याचे प्रतिसरकार मात्र १९४३ पासून १९४६ पर्यंत चालत राहिले. या दीर्घायुष्याचे श्रेय कोणी सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांना देतात, कोणी मावळ्यांच्या रक्ताला. परंतु या सरकारचे केंद्र असलेले कुंडल हे गाव काही दुर्गम अरण्यात वसलेले नाही, किर्लोस्करवाडीचा कारखाना आणि रेल्वेचे स्थानक त्याच्या उशाशीच आहे, आणि रक्ताचा गुण म्हणावा तर तो इतर जिल्ह्यांतील मराठ्यांतही असावयास हवा होता. माझ्या मते कारण निराळे आहे. जो कायदा या सरकारने पुढे बजावला, तो कृष्णाकाठच्या रयतेने मनाने फार पूर्वीच मान्य केलेला होता.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्यांच्या पश्चात त्या विचाराने शहर सोडून खेड्याची वाट धरली. भटजीवाचून लग्न लावावे, सावकाराच्या खतावर न वाचता अंगठा उठवू नये, मुलामुलींस शाळेत घालावे, असल्या गोष्टी सत्यशोधकी जलशांतून ढोलकीच्या तालावर रात्र रात्र सांगितल्या गेल्या. १९१९ साली भाऊराव पाटलांनी कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, तो याच भूमीत. या मंडळींना काँग्रेस दीर्घकाळ परकी वाटली. स्वराज्य आले तर ते कोणाचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता, आणि १९३० च्या सुमारास केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये आले तेव्हा तो प्रश्न बरोबर घेऊनच आले. त्याच वर्षी येडेमच्छिंद्रच्या, पुढे प्रतिसरकारचे नेते झालेल्या नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली. साऱ्याचा आणि सातबाराचा हिशेब ज्याने स्वतः लिहिला आहे असा मनुष्य सरकार उलथण्यास निघाला, हे सरकारास फार महाग पडले.

बेचाळीसचे प्रारंभीचे मोर्चे निःशस्त्र होते. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला. ९ तारखेस वडूजला आणि १० तारखेस इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली, आणि तरुण भूमिगत झाले. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी आणि एप्रिल १९४४ मध्ये खानदेशात चिमठाण्याजवळ धुळ्याचा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. या साहसांच्या कथा पुष्कळांनी सांगितल्या आहेत. मला अधिक मोलाची वाटतात ती प्रतिसरकारची न्यायदान मंडळे, कारण गावच्या चव्हाट्यावर, वकिलाच्या फीवाचून आणि वर्षानुवर्षांच्या तारखांवाचून, गहाण जमिनीची, बांधाची, टाकलेल्या बायकोच्या पोटगीची फिर्याद तेथे ऐकली जाई, आणि ज्यांच्यापुढे निकाल लागे तेच गावकरी त्याची अंमलबजावणीही पाहत. दारूबंदी झाली, ग्रंथालये निघाली, अत्यल्प खर्चात हार घालून लग्ने लागली, शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गावोगाव गाजले. यांतील एकही गोष्ट लोकांस नवखी नव्हती, आणि म्हणूनच ज्यांनी भाकरी दिली त्यांनी फितुरी केली नाही.

कुंडल हे औंध संस्थानात मोडत असे, हाही योगायोग सोडून देण्याजोगा नाही. तेथे भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साह्याने १९३९ साली गावपंचायतींकडे सत्ता सोपविणारी राज्यघटना दिली होती. राजाने स्वेच्छेने जे दिले, ते शेजारच्या खालसा मुलुखात लोकांनी बळाने मिळविले, एवढाच भेद.

जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या दलाने, दिलेल्या शिक्षांविषयी मात्र मौन पाळून चालणार नाही. गुंडांचा व खबऱ्यांचा बंदोबस्त आवश्यक होता, पण ज्या शिक्षेवर अपील नाही तीत चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही, आणि तळव्यांवर पडलेल्या काठ्या काही निकालपत्रातून पुसता येत नाहीत. शिवाय मंडळांत बसणारे बहुतेक पुरुष आणि बहुतेक जमीनधारक कुळांतले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज तेथे किती पोचला, याविषयी अभिमानाने लिहिणाऱ्यांनी थोडे सावधपणे लिहावे.

पुढे सत्ता आली आणि समान ध्येयाचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. क्रांतिसिंह नाना पाटील शेतकरी कामकरी पक्षात व तेथून कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९५७ साली सातारा भागातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली तेथूनच निवडून आले किसन वीर, त्यांचे प्रतिसरकारातील सहकारी, काँग्रेसच्या तिकिटावर.