कॅशेलचा बिशप-राजा आणि त्याची वंशावळ

आयर्लंडच्या दक्षिणेकडील मन्स्टर प्रांताची गादी कॅशेल येथे होती. सपाट, हिरव्या मुलखात एकदम वर उठलेला हा चुनखडीचा खडक. नाव लॅटिन ‘कास्तेलुम’वरून, म्हणजे गढी. या गादीवर इ. स. 902 मध्ये कॉर्मक मॅक कुलेनान नावाचा एक बिशप बसला. आयरिश परंपरा त्याला संत मानते. मला मात्र तो आधी राजकारणातला माणूस म्हणून महत्त्वाचा वाटतो.

त्या काळी तिथे बापामागून थोरला मुलगा असा वारसाहक्क नव्हता. राजकुळातल्या पात्र पुरुषांत गादीसाठी चुरस चाले आणि त्यात कुळाच्या शाखा एकमेकींच्या जिवावर उठत. कॉर्मक ओगनाख्त कुळाचा. आपला वंश तो पाचव्या शतकातील राजा ओंगुस याच्यापर्यंत नेतो. पण ओंगुसनंतर त्याच्या थेट पूर्वजांत कॅशेलचा राजा झालेला एकही दिसत नाही. मग हा माणूस गादीवर आला कसा? त्याच्या आधीच्या राजाला 902 मध्ये त्याच्याच माणसांनी दगा देऊन मारले होते. बलाढ्य शाखा परस्परांना नकोशा झाल्या, की ज्याच्यामागे मोठा गोतावळा नाही असा विद्वान धर्मगुरू सर्वांना चालतो. म्हणजे कॉर्मकची दुबळी वंशावळच त्याच्या कामी आली असावी, असे माझे मत आहे.

विद्वान तो खराच होता. त्याच्या नावावर असलेल्या ‘सानस कॉर्मक’ या कोशात चौदाशेच्या आसपास आयरिश शब्दांच्या व्युत्पत्ती आहेत. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, कुठेकुठे नॉर्सही! बऱ्याच आज हास्यास्पद ठरतात, पण लोकभाषेचा असा कोश त्या काळच्या युरोपात दुर्मीळच.

13 सप्टेंबर 908 रोजी बेलाख मुग्नाच्या लढाईत तो पडला. समोर ताराचा राजा फ्लान सिना, लेन्स्टरचा केर्वाल आणि कॉनाख्तचा काहल असे तिघे होते. एका नंतरच्या इतिवृत्तात याची रंगतदार हकीकत आहे: राजाला युद्ध नकोच होते, स्कॅटरी बेटाचा मठाधिपती फ्लाहबर्टाख याने त्याला भरीला घातले, राजा घोड्यावरून पडून मान मोडून मेला, कुणीतरी कापून आणलेले शिर फ्लानने आदराने हाती घेऊन चुंबिले. बखरी वाचलेल्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. राजा निर्दोष, सल्लागार दुष्ट.

मला ही हकीकत पटत नाही. ती घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने रचलेली. उलट, आदल्याच वर्षी कॉर्मक स्वतः सैन्य घेऊन उत्तरेत चालून गेल्याची नोंद आहे. आणि ज्याच्यामुळे सर्वनाश झाला म्हणतात, तो फ्लाहबर्टाख 914 मध्ये मन्स्टरचाच राजा झाला. मन्स्टरच्या लोकांनी त्याला अपराधी मानले असते, तर गादी दिली असती का?

या पराभवातून ओगनाख्त नीट सावरलेच नाहीत. पोकळी भरून काढली डाल काश या, मुळात मांडलिक गणातल्या कुळाने. त्यांच्यातल्या माहगामिनने दहाव्या शतकात कॅशेल घेतले आणि त्याच्यामागून भाऊ ब्रायन बोरू आला. मग वंशावळीही बदलल्या! ओगनाख्तांचा मूळपुरुष ओगन याला कास नावाचा सख्खा भाऊ मिळाला आणि गादी दोन्ही भावांच्या वंशात आलटून पालटून असावी, असा जुना करार असल्याचे लिहिले गेले. आधी सत्ता आली, मागाहून पूर्वज.

1101 मध्ये ब्रायनचा पणतू मुर्खर्टाख याने कॅशेलचा खडक चर्चला दान केला. दान पुण्याचे खरे. पण त्यामुळे ओगनाख्तांची जुनी राजधानी त्यांना कायमची दुरावली. आज त्या खडकावर ‘कॉर्मकचे चॅपेल’ आहे, मात्र ते आपल्या बिशप-राजाचे नव्हे. ते 1127 ते 1134 या काळात कॉर्मक मॅक कार्थी या दुसऱ्याच राजाने बांधले. तो होता ओगनाख्तच.