होडीपायी जन्मलेली गाडी

पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लांबलचक ट्रेलर एकामागून एक धावत असतात. पुढे इंजिनाची मुंडी, मागे तिच्या पाठीवर टेकलेलं चाकांचं लांब अंग. नागपूर-हैदराबादचा निम्मा संसार त्यांच्यावरून जातो असं वाटावं, एवढी वर्दळ. या गाड्यांचा मूळपुरुष एका होडीपायी जन्माला आला. यवतमाळसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात बसून ही कुळकथा सांगायला मला विशेष आनंद होतो.

१९१४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा लोहार होता. घोड्यांना नाल ठोकायचे, गाड्या बांधायच्या, हा त्याचा धंदा. फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी मिशिगनच्या उत्तरेतल्या तळ्यावर न्यायची होती, आणि तीही फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला जोडून. फ्रूहॉफने दोन चाकांची गाडी करून दिली. ती इतकी चोख चालली की सिब्लीने लाकूड वाहायला तसलीच मोठी गाडी मागितली. तिला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणू लागले. १९१८ मध्ये फ्रूहॉफची ट्रेलर कंपनी रीतसर उभी राहिली आणि होडीची गाडी मालवाहतुकीची राणी झाली.

होडी जमिनीवरून नेण्याची खटपट त्याहून कितीतरी जुनी. ग्रीसमध्ये कॉरिंथच्या चिंचोळ्या भूपट्टीवर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास दगडी वाट बांधली होती. तिच्यातल्या खाचांतून चाकं चालवत गलबतं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात ओढून नेत. १४५३ मध्ये सुलतान दुसरा मेहमद याने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून आपली गलबतं टेकडीपलीकडे उतरवली. पण ही राजेरजवाड्यांची कामं, शेकडो हातांची. एकट्यादुकट्या माणसाला होडी घरी ठेवून हव्या त्या पाण्यावर न्यावीशी वाटली ती ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये होडीच्या मागच्या फळीला अडकवायची सुटी मोटार विकायला काढल्यावर. पाच वर्षांत सिब्ली लोहाराच्या दारात उभा होता, यात मला नवल वाटत नाही.

लोहाराच्या दारात, हे महत्त्वाचं. कारण होडीच्या ट्रेलरचं अर्धं शास्त्र बैलबंडीचं आहे. आपल्याकडचा कुठलाही धुरकरी ते सांगेल. बंडीत कापूस भरताना ओझं आसाच्या मागे गेलं की बंडी उलार होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं फार पुढे आलं तर जू मानेवर रुततं, खांदे सोलून निघतात. म्हणून जुना धुरकरी भरताना मधूनमधून धुरा हाताने उचलून पाहतो. थोडा भार पुढे हवा, हाताला जाणवेल इतका.

ट्रेलरचा नियम तोच. होडी, मोटार, इंधन सगळं मिळून जेवढं वजन, त्याचा ५ ते १० टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. कमी आला तर वेगात शेपूट झोकांड्या खाऊ लागतं आणि ओढणाऱ्या गाडीलाही फरफटत नेतं. जास्त आला तर ओढणाऱ्या गाडीचं नाक उचललं जातं, स्टिअरिंग हलकं पडतं. हा तोल साधायला एकतर पुढचा विंचचा खांब मागेपुढे करायचा, नाहीतर आसाचे यू-बोल्ट सैल करून आसच सरकवायचा. दोऱ्या आवळायच्या त्या हे जमल्यावर. तोल चुकलेली होडी कितीही आवळली तरी ती सुरक्षित होत नाही.

होडीचं पोट निमुळतं, बंडीच्या सपाट पाट्यावर ती बसायची नाही. तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी जाड कापड मढवलेल्या लांब फळ्या लावतात, मधल्या कण्याखाली रबरी रोलर. या फळ्या थेट होडीच्या मागच्या टोकापर्यंत पोचल्याच पाहिजेत, कारण मोटारीचा सगळा भार तिथे असतो. आधार अलीकडेच संपला तर खड्ड्याखड्ड्याला तळ वाकत जातो. पुढे विंचचा पट्टा, त्याच्या जोडीला वेगळी साखळी. मागे दोन पट्टे, खाली आणि ट्रेलरच्या चौकटीकडे ओढणारे. नुसत्या विंचवर विसंबून होडी नेणारे पुष्कळ, पण विंच होडी चढवण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. हुकाखालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या न्यायच्या, म्हणजे हुक निसटला तरी दांडी रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडते.

चाकाचंही तसंच. बंडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना लोहार ती लालबुंद तापवतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. लोखंड आक्रसून चाकाला घट्ट धरतं. तीच गोष्ट ट्रेलरच्या तुंब्यात घात करते. लांबून आलेला ट्रेलर तसाच पाण्यात घातला की तापलेला तुंबा एकदम निवतो, आतली हवा आक्रसते आणि पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. वंगण भरपूर हवं, आणि पाण्यात उतरण्याआधी घटकाभर थांबायला हवं.

आमच्या जिल्ह्याला हे कशाला? वर्धा आणि पैनगंगा जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात. अरुणावती, पूस, बेंबळा पोटातून. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती. पुरात कामाला येते ती बहुधा रबरी बोट. फ्रान्समध्ये फुगे आणि आकाशनौका बनवणाऱ्या झोडियाक कंपनीत पिएर दब्रूतेल या अभियंत्याने १९३० च्या दशकात ती घडवली. तिचं बांधणं आणखी नाजूक: उन्हात हवा फुगते, पावसाच्या सरीने बसते आणि सकाळी कचकचून आवळलेला पट्टा दुपारी लोंबू लागतो. म्हणून निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून प्रत्येक पट्ट्यावर हात फिरवायचा.

पूर आल्यावर ट्रेलर शेडमधून बाहेर काढून हे सगळं शिकता येत नाही. टायर एका जागी उभं राहून तडकलेले असतात, विंचचा दात गंजलेला असतो. मृग लागण्याआधी, मे महिन्यातच बोट चढवून, पट्टे आवळून ट्रेलर बेंबळा किंवा अरुणावतीच्या धरणापर्यंत नेऊन आणावा आणि पाण्यात उतरवून पाहावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. शक्य असेल तर सोबत एखादा जुना धुरकरी घ्यावा. हुक उचलून बघायचं काम त्याच्याकडे द्यावं.